मालकाचं कुलूप

आईने सोफ्याच्या गाद्या पुन्हा एकदा उचलल्या.

"आई, तिथे नाहीये. सकाळी मी बघितलंय," थोरली लेक म्हणाली.

"तू बघितलंस. मी नाही बघितलं," म्हणत आईने फटीत कोपरापर्यंत हात घातला. आतून एक पेन्सिल, शर्टाचं एक बटण आणि केबल बांधायच्या दोन-चार प्लास्टिकच्या पट्ट्या निघाल्या. चष्मा निघाला नाही.

बाबांना जाऊन आठवडा होत आला होता. त्यांचं घड्याळ, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, सगळं हॉस्पिटलमधून एका पिशवीत घरी आलं होतं. चष्मा तेवढा आला नव्हता. माणूस गेला हे आईने निमूट ऐकून घेतलं होतं. चष्मा गेला हे ऐकून घ्यायला मात्र ती तयार नव्हती.

थोरलीला बसवत नव्हतं. तिने खिडकी उघडली, पडदा सारखा केला, खिडकी लावली. दारालगत स्विचबोर्ड एका स्क्रूवर लोंबत होता. जाता-येता ती तो अंगठ्याने भिंतीत दाबायची आणि तिची पाठ वळली की तो पुन्हा पुढे यायचा. गावातली दोन्ही हॉस्पिटलं, कोर्ट, सिनेमागृह, सगळ्यांचं वायरिंग ज्या माणसाने केलं, त्याच्या स्वतःच्या बैठकीत हा बोर्ड ती शाळेत असल्यापासून असाच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसावा. "उद्या बसवतो," बाबा म्हणायचे.

"ताई, बस की गं जरा," धाकटा म्हणाला. "तुझ्याकडे बघून मलाच गरगरतंय."

"मग बघू नकोस."

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले होते. काका दाराजवळची म्हणून एका खुर्चीत टेकले होते. ती बाबांची खुर्ची, हे बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. आता उठावं तर सगळ्यांचं लक्ष जाईल, म्हणून ते कडेवर अर्धवट बसून राहिले होते. मोठ्या भावाच्या जागेवर बसायची सवय त्यांनी लावून घेतली नव्हती. दोघा भावांनी वायरिंगचा धंदा सुरू केला तो एका सायकलवर. एक जण पायडल मारायचा आणि दुसरा मागे शिडी धरून बसायचा. आता तीन गाड्या होत्या, पन्नासेक माणसं होती, आणि गावात कुठे नवी इमारत उठली की तिचा मालक आधी 'काका-दादांना' विचारायचा, मग सिमेंटवाल्याला. पण साइटवर आता काका जात नसत. गेल्या वर्षी हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी आपण होऊन साइटवर स्विचला लावायचं आपलं निळं कुलूप बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि गोदाम सांभाळायला घेतलं. बाबा काही बोलले नव्हते. कुलूप मात्र त्यांनी खणात न ठेवता टेबलावरच राहू दिलं होतं.

"तर मी काय म्हणत होतो," थोरलीचा नवरा म्हणाला. तो बँकेत होता आणि बोलण्याआधी टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी धरायची त्याला सवय होती. "मोठी कंपनी आहे, धंदा विकत घ्यायला आपण होऊन विचारतेय. नाव तेच ठेवतील, माणसं तीच ठेवतील. झाकली मूठ आहे तोवर—"

"भाऊजी, मूठ झाकलेली आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" धाकट्याचा आवाज चढला. "उघडीच आहे की! मी आहे ना. बारा वर्षं साइटवर मी उभा आहे, का नाही?"

"उभे आहात म्हणूनच म्हणते," धाकट्याची बायको हळूच म्हणाली. "बाबाही उभेच होते."

धाकट्याने तिच्याकडे वळून पाहिलं. घरचंच माणूस समोरच्या बाजूला जाऊन बसेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"काका, तुम्ही तरी बोला," तो म्हणाला.

"मी काय बोलू?" काकांनी थरथरता हात दुसऱ्या हाताखाली ठेवला. "दादा असता तर म्हणाला असता, आधी चहा घ्या. चहा घेतला. आता दादाला पुढे काय म्हणायचं होतं, ते मला ठाऊक नाही."

आई हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मग उठून फडताळातले डबे खाली काढू लागली. चष्मा डब्यामागेही असू शकतो.

थोरलीने नवऱ्याच्या बाजूने बोलावं असं नवऱ्याला वाटत होतं, भावाच्या बाजूने बोलावं असं भावाला. तिला कोणाच्याच बाजूने बोलायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती घरी बसून कंपनीचे नकाशे काढायची. कुठली केबल कुठून जाईल, कुठे वळेल. त्याआधी मात्र चार वर्षं ती बाबांबरोबर साइटवर हिंडली होती. तिचं हिरवं कुलूप अजून तिच्या पर्समध्ये असायचं, लिपस्टिक आणि बसच्या तिकिटांच्या गर्दीत. का, ते तिला कोणी विचारलं नव्हतं.

धाकट्याचा फोन वाजला. लाँड्रीवाल्या बाई. हातात बिस्किट होतं म्हणून त्याने फोन टेबलावरच स्पीकरवर उघडा ठेवला.

"अहो, वाईट वाटतंय हो या दिवसांत फोन करायला," बाईंचा आवाज सगळ्यांच्या मध्ये येऊन बसला. "पण हॉस्पिटलच्या चादरी माझ्याकडे ओल्या पडल्यात. जुनं मशीन बंद, आणि नवा हॉल तयार होऊन नुसता बघत बसलाय. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी कुलूप लावून ठेवलं ना त्याच्या मेन स्विचला. माझा माणूस म्हणतो, करवतीने कापू."

"कापू नका!" काका खुर्चीतून निम्मे उठले. "बाई, कापायचं नाही!"

"नाही हो, म्हणून तर विचारलं. आज होईल का?"

"आज होईल," धाकटा म्हणाला आणि फोन बंद केला.

काका अजून निम्मे उभेच होते.

"कुठलं कुलूप?" काकांनी विचारलं. "लाल?"

"बाबा गेले होते, म्हणजे लालच असणार. त्यात काय एवढं? किल्ली या जुडग्यात आहे." धाकट्याने पँटच्या खिशावर हात ठेवला. "जातो, उघडतो, चालू करून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"किल्ली तुझ्याकडे आहे रे. कुलूप तुझं नाही."

"काका, ज्याचं होतं तो माणूस..." पुढचा शब्द त्याने गिळला.

थोरलीच्या नवऱ्याने विचारलं, "पण एका कुलपाचं एवढं काय आहे?"

काकांनी त्याला सांगितलं. सांगताना ते त्याच्याकडे नाही, धाकट्याकडे बघत होते. काम करणाऱ्याने आधी वीज तोडायची, स्विचच्या कडीत स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. कुलूप ज्याचं, काढायचं त्यानेच. दुसऱ्याने हात लावला तर त्याच दिवशी घरी. एकदा काकांचाच मेव्हणा असा घरी गेला होता आणि काकांचं त्यावरून महिनाभर घरात जेवणाचे हाल झाले होते.

"आणि समजा कुलूपवाला येऊच शकत नाही?"

"तर जो उघडणार, त्याने आधी लाइन चालायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक पेटी उघडायची, प्रत्येक बोल्टाला स्वतःचा हात लावायचा. मग उघडायचं. आणि ऐका, सगळेच ऐका." काकांचा आवाज खाली आला. "दादाचं कुलूप जो उघडेल, त्याचं पन्नास माणसं ऐकतील. इथे बसून तुम्ही काहीही ठरवा."

हे सगळं खरं होतं, पण काकांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. ती टेबलावरच्या तिघांना ठाऊक होती. बाबा कोणाच्या कामात चूक दिसली तर साइटवर कधी ओरडत नसत. ते त्या कामाच्या स्विचला आपलं लाल कुलूप लावायचे आणि जेवायला घरी यायचे. मग दुपारी त्या माणसाला एकट्याला घेऊन जायचे, चूक त्याच्याकडूनच शोधून घ्यायचे, त्याच्याकडूनच दुरुस्त करवायचे. संध्याकाळी कुलूप निघायचं आणि काय झालं होतं ते कोणाला कळायचं नाही. पण कुलूप दिसायचं ना सगळ्यांना. 'मालकाचं कुलूप लागलं' असं माणसं एकमेकांच्या कानात म्हणायची, आणि ज्याच्या कामाला लागलं त्याच्या घशाखाली त्या दुपारी घास उतरत नसे.

आणि लाँड्रीचा तो वाळवणीचा हॉल धाकट्याने केला होता. पहिल्या खिळ्यापासून.

"बाहेरचा एखादा तपासनीस बोलावून घेऊ," थोरलीचा नवरा म्हणाला. "तो काय ते लिहून देईल. वाद नको."

"बोलवा की!" धाकटा ताडकन उठला. "गावभर दवंडी पण द्या. बाप जाऊन आठवडा नाही झाला आणि याच्या कामाला बाहेरचा तपासनीस. विकायलाही सोपं जाईल तुम्हाला, नाही का?"

"माझ्या मनात तसं..."

"मनात काय आहे ते दिसतंय!"

"तुझा नाकावरचा फ्यूज उडाला का पुन्हा?" थोरली दाराजवळून म्हणाली. तिने बोर्ड अंगठ्याने दाबून धरला होता. "खाली बस."

तो बसला नाही. गॅलरीत निघून गेला. थोरलीच्या नवऱ्याने टेबलाच्या कडा सोडल्या. "मी वाईट काय बोललो?" त्याने काकांना विचारलं.

"वाईट नाही हो," काका म्हणाले. "वेळेआधी."

थोरली कप विसळायला आत गेली, तशी धाकट्याची बायकोही मागून आली. तिने नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"ताई, तुम्ही जा यांच्याबरोबर."

"तुला तर विकायचंय ना?"

"मला यांनी झोपायला हवंय." तिने पुसलेला कप पुन्हा पुसला. "रात्ररात्र तो जुडगा हातात घेऊन बसतात. त्या दिवशी बाबांचा फोन आला होता यांना, सकाळी. हे दुसऱ्या साइटवर होते. बाबा एवढंच म्हणाले, 'दुपारी इकडे ये.' हे म्हणाले, येतो. मग कोणीतरी सांगितलं की लाँड्रीत लाल कुलूप लागलंय. त्यानंतर तासाभराने घरून फोन."

थोरलीच्या हातातला कप नळाखाली भरून वाहू लागला.

"दुपारी इकडे ये," बायको पुन्हा म्हणाली. "बाप शेवटचं बोलला ते हे. यांना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं, ते बघून त्यांना त्रास झाला आणि... तुम्ही दुसऱ्या कोणाला पाठवू नका. काही निघालं तर तुमच्यातच राहील."

बाहेर आई म्हणत होती, "जेवताना चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर. मला आत्ता आठवतंय. पानात काय आहे ते वाकून बघत होते. मी म्हटलं, काय शोधताय? तर म्हणाले, काही नाही, जरा पडतो."

थोरलीने नळ बंद केला.

गॅलरीत धाकटा रेलिंगवरचा रंग नखाने खरवडत होता. ती शेजारी उभी राहिली.

"मी येते."

"तपासायला?"

"चालायला. लाइन एकट्याने चालत नाहीत."

"तू आठ वर्षं पॅनेल उघडलेलं नाहीस."

"मग तू उघड, मी धरते."

रंगाचा एक पोपडा त्याने खाली टाकला. "आणि काही निघालं तर?"

"तर संध्याकाळी कुलूप निघेल," ती म्हणाली. बाबा जे करायचे त्याचं यापेक्षा सोपं वर्णन तिला जमलं नसतं. धाकट्याने मान फिरवली. पण गाडीची किल्ली त्याने तिच्याकडे टाकली. चालवण्याच्या स्थितीत तो नव्हता.

लाँड्रीच्या दारातच वाफेचा आणि साबणाचा वास अंगावर आला. ओल्या चादरींचे ढीग भिंतीला लावलेले होते, एखाद्या बर्फाळ मुलखातल्या टेकड्यांसारखे. बाई पुढे आल्या, थोरलीचा हात हातात घेतला आणि मेन स्विचच्या खोलीचं दार उघडून बाजूला झाल्या.

कुलूप तिथे होतं. पितळी, पोटावर लाल रंगाचा फटकारा, रंग कडेला उडालेला. आठवडाभर त्याला कोणी हात लावला नव्हता. बाबांनी त्या दिवशी शेवटची बंद केलेली वस्तू होती ती. थोरलीला एकदम वाटलं, हे असंच राहू द्यावं. चादरी उन्हात वाळतील. जग काही थांबणार नाही.

धाकट्याने खिशातून आपलं पिवळं कुलूप काढलं आणि लाल कुलपाशेजारच्या भोकात अडकवलं. काम करायचं तर आधी आपलं कुलूप. मग तो तिची वाट न बघता निघाला. मागे खट्‌ आवाज झाला म्हणून वळला. कडीत तिसरं कुलूप होतं, हिरवं.

"हे अजून आहे तुझ्याकडे?"

"पर्समध्ये जड लागतं," ती म्हणाली. "पण आहे."

ते चालायला लागले. केबल छताखालच्या पत्र्याच्या पन्हाळीतून गेली होती. धुलाईच्या मशिनांवरून, इस्त्रीच्या टेबलांवरून, भिंतीतून पलीकडे. धाकटा शिडी लावायचा, चढायचा, पेटीचं झाकण उघडायचा, आत वीज नाही हे टेस्टरने बघायचा आणि प्रत्येक बोल्टाला असा काही पाना लावायचा, की जणू बोल्ट त्याचं काहीतरी देणं लागत होता. थोरली खाली शिडी धरायची.

"घट्ट?"

"घट्ट."

पुढची पेटी. "घट्ट?"

"घट्ट!"

प्रत्येक वेळी तो उत्तर जरा जोरात द्यायचा. सुरुवातीला तिला वाटलं, राग आहे. मग लक्षात आलं, तो घाबरलाय. जसजशा पेट्या संपत होत्या, तसतशी चूक सापडायची जागा कमी होत होती, आणि ती जेवढी कमी जागेत उरत होती तेवढी मोठी होत होती.

ती मात्र वर बघत होती आणि तिला वेगळंच दिसत होतं. केबल कुठेही लोंबत नव्हती. वळणं एकसारखी होती. तिने कागदावर काढलेली रेघ तिथे छताखाली जशीच्या तशी उतरली होती, उलट एके ठिकाणी तिच्या नकाशातला एक वेडगळ वळसा त्याने न बोलता सरळ केला होता.

"हा कोपरा मी चुकीचा काढला होता," ती म्हणाली.

"माहितीये."

"सांगितलं नाहीस."

"तूच काढलेला होता. कशाला सांगायचं?"

ती हसणार होती. पण ते वाळवणीच्या हॉलच्या दारात आले होते.

हॉल मोठा, कोरडा, नवा. मोठमोठी ड्रायर मशिनं तोंडं उघडी टाकून रांगेत उभी. कोपऱ्यात कापसाच्या तंतूंचा पुंजका अजून नव्हता, पण मशिनं चालू झाली की तो येणारच. वाळवणीच्या जागेत तंतू उडतात, आणि तंतूंना ठिणगी पुरते. शेवटची पेटी पलीकडच्या भिंतीवर होती, हॉलचा मोठा बोर्ड.

धाकटा तिथे पोचण्याआधीच थांबला.

"ताई, हा शेवटचा सांधा मी केलेला नाही."

"म्हणजे?"

"मेन केबल या बोर्डात जोडायची बाबांसाठी ठेवली होती. त्यांचा नेम ना, शेवटचा पाना मालकाचा. ते त्याच्यासाठीच आले होते त्या दिवशी." तो बोर्डाकडे बघत राहिला. "मला वाटलं, तो जोडून झाल्यावर बाकीचं तपासलं असेल त्यांनी. माझं."

बोर्डाचं झाकण चार स्क्रूंऐवजी दोनांवर टेकवलेलं होतं. थोरलीला ते लांबूनच दिसलं. बाबा झाकण कधी असं ठेवत नसत. ती पुढे झाली आणि टाचा उंचावून तिने बोर्डाच्या माथ्यावर हात फिरवला. हाताला कापड लागलं. बाबांचा रुमाल, चौकोनी घडी घातलेला. त्यात दोन स्क्रू होते. आणि चष्मा, काड्या नीट मिटलेला.

तिने चष्मा हातात घेतला. काचेवर अंगठ्याचा डाग होता.

"उघड," ती म्हणाली.

धाकट्याने झाकण काढलं. आत टेस्टर लावला. मग दिवा जवळ नेला.

तीन जाड तारा, तीन बोल्ट. बोल्ट घट्ट झाला की बाबा त्याच्या माथ्यापासून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटते, आणि लांबूनही दिसते. पहिल्या बोल्टावरची रेघ सरळ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी. दुसऱ्यावरची रेघ मध्येच लटपटली होती, खाली येता येता बाजूला घसरली होती आणि पट्टीवर रंगाचा एक थेंब सांडला होता.

तिसऱ्यावर रेघ नव्हती. त्या बोल्टावर पाना तसाच लटकत होता. धाकट्याने बोट लावलं तर बोल्ट फिरला.

थोरलीला काकांचं निळं कुलूप आठवलं. टेबलावर ठेवलेलं. हात ऐकेनासा झाला की कुलूप कोणाच्या हवाली करायचं हे ठरलेलं होतं. पण मालकाने कोणाच्या हवाली करायचं? छातीत काहीतरी होतंय, हात धड चालत नाहीये, बोल्ट अर्धवट आहे. त्यांनी चष्मा काढला असेल, घाम पुसला असेल. झाकण टेकवलं. त्या लांब पन्हाळीखालून चालत परत गेले, मेन स्विचला कुलूप लावलं. या कामात चूक आहे. माझ्या. मग फोन केला.

धाकटा खाली बसला होता. मशिनाच्या पायाला पाठ टेकून, गुडघ्यात हात घालून.

"मला ओरडायला नव्हतं बोलावलं," तो म्हणाला.

"नाही."

"बाकीचं काही तपासलंही नसेल त्यांनी."

"नसेल. गरज वाटली नसेल."

"पाना धरायला बोलावत होते, ताई. आणि मी म्हटलं, दुपारी येतो. लगेच ये म्हणाले असते तर... असं का नाही म्हणाले?"

याला उत्तर होतं. दिवाणखान्यात एका स्क्रूवर लोंबत असलेला बोर्ड होता, जेवताना वाकून पान बघणारा माणूस होता आणि 'काही नाही, जरा पडतो' होतं. स्वतःसाठी कोणाला ताबडतोब बोलावणं हे त्या माणसाला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. पण हे धाकट्यालाही माहीत होतं. म्हणून ती त्याच्या शेजारी नुसती बसली. त्याला रडून होईपर्यंत तिने चष्म्याच्या काचा पुसल्या नाहीत. डाग राहू दिला.

"ऊठ," मग ती म्हणाली. "तिसरा राहिलाय."

तो उठला. त्याने पाना धरला आणि ओढला. आधीसारखा रागाने नाही. बोल्ट हवा तेवढा घट्ट बसला तसा पाना टिक्‌ वाजला. पहिल्या दोन्हींनाही त्याने पाना लावून बघितला. लटपटत्या रेघेचा बोल्टही घट्ट होता. तोही टिक्‌ वाजला.

"हा बघ. तशा हाताने," तो म्हणाला.

रंगाची छोटी बाटली बोर्डाच्या तळाशीच होती. थोरलीने ब्रश बुडवून तिसऱ्या बोल्टावर रेघ ओढली. ती काही फार सरळ आली नाही. झाकण चारही स्क्रूंवर बसलं.

मेन स्विचच्या खोलीत परत आल्यावर धाकट्याने आपलं पिवळं कुलूप काढलं. मग खिशातून जुडगा काढून तिच्यापुढे धरला.

"तू उघड."

"काम तुझं आहे. घरी सगळे वाट बघतायत, कोणी उघडलं म्हणून."

"बघू दे वाट." त्याने जुडगा तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली. "चालू करताना पलीकडच्या टोकाला कोणीतरी उभं पाहिजे. मी हॉलमध्ये जातो. मला तिथेच बोलावलं होतं."

तो गेला. त्याची पावलं मशिनांमधून लांब लांब जात ऐकू येत राहिली.

तिने हिरवं कुलूप काढलं. मग लाल. किल्ली जराही अडली नाही. ती अडेल अशी तिची उगाच समजूत होती. कुलूप उघडून हातात आलं, जड आणि गार. ते तिने चष्म्याबरोबर ओढणीच्या टोकात गुंडाळलं आणि स्विचच्या दांड्याला हात घातला.

स्विच टाकण्याआधी बाबा हाक मारायचे. लाइनवर जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी आपापल्या आवाजात उत्तर द्यायचं. एकाने दुसऱ्याच्या हाताची ग्वाही दिलेली चालायची नाही. सगळे आवाज आल्याशिवाय दांडा हलायचा नाही.

"हात बाहेर?" तिने हाक मारली. आवाज जेमतेम दारापर्यंत गेला. तिने घसा साफ केला. "हात बाहेर?"

"बाहेर!" हॉलमधून धाकट्याचा आवाज आला.

ती थांबली. तिला माहीत होतं की लाइनवर दुसरं कोणी नाही. तरी दांडा वर जाईना. मशिनं गप्प होती, कुठेतरी चादरीतून पाणी ठिबकत होतं. कामावरच्या बायका इस्त्र्या खाली ठेवून तिच्याकडे बघत होत्या. ती आणखी एका आवाजाला लागला असता तेवढा वेळ थांबली, आणि मग आणखी थोडा.

पलीकडून धाकट्याने घाई केली नाही. खूप वेळाने त्याने पुन्हा हाक दिली, आता हळू, पण त्या रिकाम्या हॉलमधून नीट ऐकू येईल इतकी.

"ताई, सगळ्यांचे बाहेर आहेत."

तिने दांडा वर केला.